स्क्रॅबलमधले अनोळखी इंग्रजी शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रॅबल, मोबाइलवरचे शब्दखेळ आणि वर्डल खेळणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. या खेळात स्पेलिंगच महत्त्वाचं असल्यामुळे छोटे शब्द अक्षरांची नावं जोडून लिहिले आहेत : क्यू-आय, झेड-ए, असे. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे कॉलिन्सची यादी धरली आहे, कारण भारतातल्या स्पर्धा त्याच यादीवर होतात.

एखादा शब्द ‘चालतो’ की नाही, हे ठरवतं कोण?

घरातला शब्दकोश नव्हे, तर खेळासाठी तयार केलेली यादी. जगात अशा दोन मुख्य याद्या आहेत. अमेरिका आणि कॅनडात नास्पा या खेळाडूंच्या संघटनेची यादी चालते, तर इंग्लंड, भारत, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतले देश धरून बहुतेक जगात ‘कॉलिन्स स्क्रॅबल वर्ड्‌स’ चालते. कॉलिन्समध्ये सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत आणि अमेरिकन यादी त्याहून बरीच लहान आहे. दोन्ही याद्यांत २ ते १५ अक्षरांचेच शब्द असतात, कारण पट १५ बाय १५ घरांचा असतो.

मोबाइलवर खेळायला बसलात की पहिल्यांदा सेटिंग्जमध्ये जाऊन कुठली यादी निवडली आहे ते बघा. झेड-ओ, सी-एच, के-वाय, ई-ए हे शब्द कॉलिन्समध्ये आहेत, अमेरिकन यादीत नाहीत. ‘काल चालला, आज का चालत नाही?’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दुसरं कारण म्हणजे याद्या बदलत राहतात. ओ-के हा रोजच्या वापरातला शब्द अमेरिकन यादीत २०१८ च्या आवृत्तीपर्यंत नव्हता आणि कॉलिन्समध्ये तो २०१९ साली आला. उलट बाजूने, २०२१ साली सुमारे ४०० अपमानकारक शब्द कॉलिन्समधून काढून टाकण्यात आले. म्हणून जुनी छापील यादी वापरत असाल तर तिचं साल बघून घ्या.

शब्दाचा अर्थ माहीत नसला तरी तो लावता येतो का?

येतो. नियमात अर्थ विचारण्याची सोय नाही. चॅलेंज झालं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने शब्दावर आक्षेप घेतला, तर फक्त यादीत शब्द आहे की नाही एवढंच बघतात. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्‌स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यांनी शब्दांची यादी पाठ केली होती.

तरीही आमचा आग्रह आहे की अर्थ बघावा, निदान शब्दाची जात तरी बघावी. शब्द नाम आहे की क्रियापद, एकवचनी की अनेकवचनी, यावरून त्याच्या मागे एस लागेल का, ई-डी किंवा आय-एन-जी लागेल का, याचा अंदाज येतो आणि सामने बरेचदा त्या एका एसवर फिरतात. उदाहरणार्थ, डी-ओ-एस-ए-आय हा ‘डोसा’चा अनेकवचनी प्रकार आहे, म्हणून त्याला पुन्हा एस लागत नाही. पैशाचं पी-ए-आय-एस-ई हेही तसंच. एन-टी-एच हे विशेषण आहे, त्यालाही एस नाही. पण टी-एस-के, म्हणजे नापसंतीने ‘च्च’ करणं, हे क्रियापद असल्यामुळे त्याला एस, ई-डी, आय-एन-जी सगळं लागतं.

नवशिक्याने सुरुवात कुठल्या शब्दांपासून करावी?

दोन अक्षरी शब्दांपासून, आणि ते सगळे पाठ होईपर्यंत दुसरं काही करू नये. २०१९ च्या कॉलिन्समध्ये ते १२७ आहेत. अमेरिकन यादीत २०१८ पासून १०७ आहेत. सात-आठ अक्षरी भारदस्त शब्दांच्या मागे लागण्याआधी हे करायचं कारण म्हणजे समांतर खेळ : पटावर असलेल्या शब्दाला चिकटून, त्याच्या वर किंवा खाली आपला शब्द ठेवायचा, म्हणजे प्रत्येक जोडीतून एक दोन अक्षरी शब्द तयार होतो आणि त्या प्रत्येकाचे गुण वेगळे मिळतात. हे शब्द येत नसतील तर पटावरच्या निम्म्या जागा तुम्हाला दिसतच नाहीत.

एक जागा जवळून बघू. पटावर आडवा ‘टॅक्सी’ आहे, शेवटचं अक्षर आय. त्या आयच्या बरोबर वरचं घर ट्रिपल लेटरचं आहे आणि रिकामं आहे. तुमच्याकडे क्यू आणि आय आहेत. क्यू त्या ट्रिपलवर ठेवा आणि त्याच्या उजवीकडे आय. आडवा क्यू-आय झाला आणि खालच्या आयमुळे उभाही क्यू-आय झाला. क्यूचे १० गुण तिप्पट होऊन ३०, अधिक आयचा १, म्हणजे ३१, आणि दोन्ही शब्दांचे धरून ६२. फक्त दोन टाइल्स खर्च झाल्या. मात्र दोन गोष्टी तपासा : क्यूच्या डावीकडचं, म्हणजे टॅक्सीतल्या एक्सच्या वरचं घर रिकामं हवं, आणि नव्या आयच्या वर, खाली किंवा उजवीकडे नको असलेलं अक्षर चिकटायला नको.

यातले जे शब्द ऐकून लोक दचकतात, त्यांचे अर्थ असे. ए-ए म्हणजे खडबडीत पृष्ठभागाचा लाव्हा, शब्द हवाई बेटांचा. ए-आय म्हणजे दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ. ओ-ई म्हणजे फॅरो बेटांकडचा वावटळी वारा. के-ए हा प्राचीन इजिप्तच्या समजुतीतला माणसातला आत्मांश. एक्स-यू हे व्हिएतनामचं नाणं, डाँगचा शंभरावा भाग. एक्स-आय हे ग्रीक अक्षर. जे-ओ म्हणजे स्कॉटिश बोलीत प्रियतम किंवा प्रियतमा. झेड-ए म्हणजे पिझ्झाचं अमेरिकन लघुरूप. यू-टी हे स्वरसप्तकातल्या ‘डो’चं जुनं नाव. फक्त कॉलिन्समध्ये असलेल्यांपैकी झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर, के-वाय म्हणजे स्कॉटिश बोलीत गाई, जी-यू हे शेटलंडचं व्हायोलिनसारखं वाद्य, ओ-ओ म्हणजे लोकर, आणि सी-एच हे जुन्या बोलीतलं ‘मी’.

एक्सकडे खास लक्ष द्या. तो पाचही स्वरांबरोबर दोन अक्षरी शब्द करतो : ए-एक्स, ई-एक्स, एक्स-आय, ओ-एक्स, एक्स-यू. आठ गुणांची टाइल इतक्या सहज बसते, म्हणून एक्स हातात असेल तर आधी ट्रिपल लेटरच्या शेजारी कुठला स्वर मोकळा आहे ते शोधा.

क्यू आला आणि यू नाही. आता?

क्यू-आय हा पहिला उपाय. चिनी विचारातली प्राणशक्ती असा त्याचा अर्थ. दोन अक्षरी शब्दांत क्यू असलेला तो एकटाच, आणि त्याला एस लागतो.

त्यापुढचे उपयोगी : क्यू-ए-टी, चघळायची एक उत्तेजक वनस्पती. क्यू-ए-डी-आय, म्हणजे काझी. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू अक्षर. क्यू-ए-एन-ए-टी, इराणकडचा भूमिगत पाण्याचा बोगदा. मग आपल्या कानाला ओळखीचे : एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर, बी-यू-आर-क्यू-ए, एन-आय-क्यू-ए-बी, टी-ए-एल-ए-क्यू, डब्ल्यू-ए-क्यू-एफ म्हणजे वक्फ. कॉलिन्समध्ये कव्वालीसुद्धा क्यूने आहे : क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. अरबी-फारसी मुळाचे शब्द कानावर असल्याचा फायदा इथे होतो, तो घ्या. लक्षात ठेवायला एक खूण : या शब्दांत क्यूच्या आधी किंवा नंतर बहुतेक वेळा ए किंवा आय असतो, म्हणून क्यू हातात असताना आय उगाच खर्च करू नका.

क्यू धरून ठेवण्याची किंमत मोठी आहे. खेळ संपताना तो रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, राहिला तर नेहमीच्या घरगुती नियमाप्रमाणे तुमचे १० जातात आणि सगळ्या टाइल्स संपवलेल्या प्रतिस्पर्ध्याला १० मिळतात, म्हणजे फरक २० चा. आणि पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की अदलाबदल करता येत नाही. तेव्हा पिशवी रिकामी होत आली असेल आणि पटावर आयला जागा दिसत नसेल, तर सात टाइल्स शिल्लक आहेत तोवरच क्यू बदलून घ्या. पाळी वाया जाते, पण पुढच्या तीन-चार पाळ्या सहाच टाइल्सनी खेळण्यापेक्षा ते परवडतं.

रॅकवर नुसती व्यंजनं आली आहेत.

स्वराशिवायचे शब्द आहेत आणि ते चालतात. सी-डब्ल्यू-एम म्हणजे हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेला वाटोळा खोलगट भाग, आणि सी-आर-डब्ल्यू-टी-एच हे वेल्सचं जुनं तंतुवाद्य. दोन्ही वेल्श भाषेतून आले आहेत, तिथे डब्ल्यू स्वराचं काम करतो. दोघांनाही एस लागतो. बाकीचे बरेचसे उद्गार आहेत : एच-एम, एम-एम, एस-एच, एच-एम-एम, एस-एच-एच, बी-आर-आर, पी-एस-एस-टी, पी-एफ-एफ-टी. उद्गारांना एस लागेलच असं गृहीत धरू नका. पी-डब्ल्यू-एन, म्हणजे ऑनलाइन खेळात समोरच्याला चारी मुंड्या चीत करणं, हे मात्र कॉलिन्समध्ये क्रियापद म्हणून आहे.

आणि नुसते स्वर आले तर?

ही अडचण जास्त वेळा येते, कारण शंभर टाइल्सपैकी ४२ स्वर आहेत : ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, यू ४. चार स्वर एका दमात काढून टाकणारे पाच अक्षरी शब्द पाठ ठेवा : ए-डी-आय-ई-यू, ए-यू-डी-आय-ओ, ए-यू-आर-ई-आय म्हणजे रोमन सोन्याची नाणी, एम-आय-ए-ओ-यू म्हणजे मांजराचं म्याँव, ए-ए-एल-आय-आय म्हणजे हवाईतलं एक लहान झाड, सी-ओ-ओ-ई-ई म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रानात हाक मारायचा आवाज.

कॉलिन्समध्ये ई-यू-ओ-यू-ए-ई असा सहाही अक्षरं स्वर असलेला शब्द आहे. ग्रेगोरियन गायनातल्या समेला तो म्हणतात आणि प्रार्थनेच्या ‘सेक्युलोरम आमेन’ या अखेरच्या दोन लॅटिन शब्दांतले स्वर घेऊन तो बनला आहे. देखणा शब्द आहे, पण त्यातून गुण फक्त सहा. तो पाठ करण्याआधी चार अक्षरी ई-यू-ओ-आय आणि यू-एन-ए-यू पाठ करा, ते फार जास्त वेळा कामी येतात. ई-यू-ओ-आय हा मद्यदेव बॅकसच्या उत्सवातला जल्लोष, आणि यू-एन-ए-यू म्हणजे दोन बोटांचा स्लॉथ.

आयची गर्दी झाली तर आय-डी-एल-आय, म्हणजे आपली इडली. यूची झाली तर गुरू, आणि यू-एल-यू म्हणजे एस्किमोंची सुरी.

मराठी माणसाला माहीत असलेले कोणते शब्द यादीत आहेत?

खूप आहेत, आणि इथे आपले खेळाडू दोन प्रकारे गुण घालवतात. एक तर ‘हा काही इंग्रजी शब्द नाही’ म्हणून लावतच नाहीत. दुसरं म्हणजे लावतात, पण आपल्या मनातल्या स्पेलिंगने.

शेतातून सुरुवात करू. ज्वारी जे-ओ-डब्ल्यू-ए-आर अशी आहे, घरांचा फायदा न धरता १५ गुण. बाजरी बी-ए-जे-आर-आय, बी-ए-जे-आर-ए आणि बी-ए-जे-आर-ई-ई अशा तीन रूपांत आहे, पहिल्या दोघांचे १४ गुण. जे टाकायला यांच्याइतके सोयीचे शब्द कमी आहेत. जे-ए-आय, आपला ‘जय’, हाही आहे. नाचणीचं आर-ए-जी-आय आहे.

स्वयंपाकघरात डाळ तीन तऱ्हेने लिहिता येते : डी-ए-एल, डी-ए-एच-एल, डी-एच-ए-एल. तुपाचं जी-एच-ई-ई सगळ्यांना माहीत असतं, पण जी-एच-आय विसरतात, आणि तेच अरुंद जागेत बसतं. चपातीत टी एक किंवा दोन, दोन्ही चालतात. गोव्याची फेणी एफ-ई-एन-आय अशी आहे. विंदालू आठ अक्षरी आहे, व्ही आणि दोन ओ एका फटक्यात संपवतो.

आंदोलनाचे शब्द तर भरपूर आहेत : बंद म्हणजे बी-ए-एन-डी-एच, हरताळाचं हरताल, धरण्याचं डी-एच-ए-आर-एन-ए किंवा डी-एच-यू-आर-एन-ए, आणि घेराव. घेरावचं स्पेलिंग जी-एच-ई-आर-ए-ओ असं आहे, शेवटी व्ही नाही. आणि ते क्रियापद आहे, म्हणून त्याला ई-डी आणि आय-एन-जी लागतं. प्रशासनातून तालुका, तहसील, लाख आणि कोटीचं क्रोर. संगीतातून तबला, सतार, वीणा, सरोद, राग, ताल. मृदंगाचं एम-आर-आय-डी-ए-एन-जी हे रूप नेमकं सात अक्षरी आहे, म्हणजे सगळी रॅक संपवून ५० चा बोनस. कपड्यांतून धोतराचं धोती, साडी एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही स्पेलिंगनी, खादी, आणि झेडने सुरू होणारी जर : झेड-ए-आर-आय. मुंगूस तर मराठीतूनच इंग्रजीत गेला आहे : मंगूस, आठ अक्षरी, दोन ओ जोडीने.

एक सापळा सांगून ठेवतो. बी-एच-ई-एल हा शब्द कॉलिन्समध्ये आहे, पण त्याचा अर्थ भेळ नाही. ते बेलाच्या झाडाचं नाव आहे. पटावर लावताना फरक पडत नाही, मात्र त्यावरून ‘भेळ आहे म्हणजे सगळी चौपाटी असेल’ असं धरून चालू नका. देशी शब्द पटावर ठेवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे स्पेलिंग यादीत पाहिलं आहे की दुकानाच्या पाटीवर?

व्ही आणि सी इतके त्रासदायक का वाटतात?

व्हीचा एकही दोन अक्षरी शब्द नाही. सीचा फक्त सी-एच, तोही कॉलिन्समध्येच. त्यामुळे ही अक्षरं समांतर खेळात बसत नाहीत. व्हीसाठी तीन अक्षरी शब्द हाताशी ठेवा : ए-व्ही-ओ म्हणजे मकावचं नाणं, यू-व्ही-ए, ओ-व्ही-ए, व्ही-ओ-ई म्हणजे स्कॉटलंडच्या बेटांवरची चिंचोळी खाडी, व्ही-यू-जी म्हणजे खडकातली स्फटिकांनी भरलेली पोकळी. याचा उलटा उपयोगही आहे : पुढे असाल तर प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायला व्ही आणि सी उत्तम, कारण त्यांना चिकटून शब्द ठेवणं अवघड जातं.

सात टाइल्स एकदम लावण्यासाठी कुठले शब्द पाठ करावेत?

सुटे शब्द नव्हे, सहा अक्षरांचा पाया पाठ करा. सर्वांत फलदायी पाया म्हणजे टिसान, टी-आय-एस-ए-एन-ई, अर्थ औषधी वनस्पतींचा काढा. सातवं अक्षर जवळजवळ कुठलंही चालतं. आर आला तर नॅस्टियर, रिटेन्स, रेटिनाज आणि आणखी अर्धा डझन. पी आला तर सेपियंट. डी आला तर इन्स्टेड, एम आला तर इनमेट्‌स, के आला तर इनटेक्स, व्ही आला तर नेटिव्ह्‌ज, झेड आला तर झेनिएस्ट. म्हणून रॅकवर ही अक्षरं जमत असतील तर चांगला एस किंवा ई चार-पाच गुणांसाठी उधळू नये.

आठ अक्षरी शब्दाचा जास्तीत जास्त फायदा कसा होतो, याचं नोंदलं गेलेलं उदाहरण म्हणजे १९८२ साली मँचेस्टरला कार्ल खोशनॉ यांनी लावलेला सी-ए-झेड-आय-क्यू-यू-ई-एस : एका चालीत ३९२ गुण. कॅरिबियन भागातल्या मूळ रहिवाशांच्या सरदारांना तो शब्द वापरत.

यादीत आहे, पण लावताच येत नाही, असे शब्द असतात का?

असतात. झेडची टाइल एक आणि ब्लँक (कुठलंही अक्षर म्हणून वापरता येणारी कोरी टाइल) दोन, म्हणजे तीन झेडपर्यंतच मजल जाते. पिझाझमध्ये चार झेड आहेत, त्यामुळे तो अशक्य. झिझिव्हा या उष्ण कटिबंधातल्या भुंग्याच्या नावात तीन झेड आहेत, तो दोन्ही ब्लँक वापरून लावता येतो. सिझिजी म्हणजे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येणं, जसं अमावास्येला आणि पौर्णिमेला होतं. त्यात तीन वाय आहेत आणि वायच्या टाइल्स दोनच, म्हणून एक ब्लँक लागतो.

चॅलेंज कधी करावं?

आधी दंड काय आहे ते विचारा. कॉलिन्सवरच्या अनेक स्पर्धांत चॅलेंज चुकलं तर प्रत्येक शब्दामागे ५ गुणांचा दंड असतो, अमेरिकेत पूर्ण पाळी जाते. ५ गुणांच्या नियमात शंका रास्त असेल आणि शब्दाने ३० च्या वर गुण घेतले असतील तर चॅलेंज करणं फायद्याचं. पाळी जाणार असेल तर खात्रीशिवाय हात घालू नका. चॅलेंज न झालेला खोटा शब्द पटावर राहतो आणि त्याचे गुणही राहतात. दोन आणि तीन अक्षरी शब्द पाठ असल्याचा इथेही उपयोग होतो : खोटे शब्द सर्वांत जास्त तिथेच खपवले जातात.

पाठ केलेले शब्द आठवडाभरात विसरतात. काय करावं?

यादी वरून खाली वाचण्याने शब्द ओळखीचे होतात, रॅकवर दिसत मात्र नाहीत. कारण रॅकवर अक्षरं विस्कटलेली असतात. म्हणून शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावून ती कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहा, उदाहरणार्थ ए-बी-आय-जे-आर, आणि मागे उत्तर, त्याचे पुढचे-मागचे हूक (शब्दाच्या आधी किंवा शेवटी जोडता येणारी अक्षरं) आणि चार शब्दांत अर्थ. रोज वीस कार्डं पुरेत. बरोबर आलेलं कार्ड तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने, चुकलेलं उद्याच. हेच काम झिझिव्हा नावाचं सॉफ्टवेअरही करतं.

क्रम असा ठेवा : दोन अक्षरी, यूशिवायचे क्यू, मग जे-एक्स-झेडचे तीन आणि चार अक्षरी, मग स्वरांचे, मग उरलेले तीन अक्षरी. कॉलिन्समध्ये तीन अक्षरी १,३०० च्या वर आहेत, त्यांना घाई करू नका.

हे शब्द वर्डलमध्ये उपयोगी पडतात का?

फारसे नाहीत. वर्डल अंदाज म्हणून विचित्र शब्द स्वीकारतो, एक्स-वाय-एल-वाय-एलसुद्धा, पण उत्तरं रोजच्या वापरातल्या शब्दांमधूनच निवडलेली असतात. मूळ खेळात उत्तरांची यादी २,३१५ शब्दांची होती. वर सांगितलेल्यांपैकी ए-डी-आय-ई-यू आणि ए-यू-डी-आय-ओ हे पहिला अंदाज म्हणून पुष्कळ लोक वापरतात. चार स्वर एकदम तपासले जातात हे खरं, पण एस, टी, आर, एल, एन यांपैकी एकही अक्षर कळत नाही, म्हणून दोन स्वर आणि तीन नेहमीची व्यंजनं असलेला शब्द आधी टाकणं आम्हाला जास्त पटतं.